अंगणातील शाळा



ज्या संस्था रोज आपल्या डोळ्यांपुढे असतात, त्यांच्या जन्मकथेकडे आपले लक्ष सहसा जात नाही. अंगणवाडी ही अशीच एक संस्था होय. भारतात आज सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. एवढ्या विस्ताराची बालसंस्था जगात दुसरीकडे क्वचितच आढळेल. शहरातील सुशिक्षित कुटुंबांना तिचे नाव ठाऊक असते, तिच्या दारावरून त्यांचे जाणेयेणेही होत असते. परंतु आपले स्वतःचे मूल तेथे धाडावे, असा विचार त्यांच्यापैकी फारच थोड्यांच्या मनात येतो. गरिबांच्या मुलांना जेथे खाऊ मिळतो ती जागा, एवढीच तिची ओळख आपल्या मनात उरली आहे. वस्तुतः हा शब्द आपल्या मराठीतील आहे. तो महाराष्ट्राच्या समुद्रकाठच्या एका खेड्यात घडला, आणि ज्या बाईंनी तो घडविला त्यांच्यापुढे शिक्षणाचा एक बिकट प्रश्न उभा होता. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला उत्तम शिक्षण मिळावे, आणि ते ज्याला कोणी वाली नाही अशाही मुलाला मिळावे, हा तो प्रश्न. या प्रश्नाचे काय झाले, त्यातील कोणता भाग सुटला आणि कोणता अजून लोंबकळत पडला आहे, याचा थोडा इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

बालशिक्षणाची कल्पना आपल्याकडे आली ती युरोपातून. जर्मनीत फ्रोबेल याने १८३७ साली ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे बालकांची बाग, असे नाव दिले. मूल हे रोपासारखे आपल्याच अंगच्या शक्तीने वाढते, शिक्षकाने माळ्याचे काम करावे, ही त्याची श्रद्धा. एवढी निरुपद्रवी कल्पना. परंतु प्रशियाच्या सरकारला तीतही राजद्रोहाचा वास आला आणि १८५१ साली या बागांवर बंदी घालण्यात आली. ती उठली १८६० मध्ये. फ्रोबेल मात्र तत्पूर्वीच, १८५२ साली, निवर्तला होता. लहान मुलांच्या शाळेकडे राज्यकर्ते किती संशयाने पाहू शकतात याचा हा एक जुना दाखला होय. पुढच्या काळात संशय ओसरला. त्याची जागा उदासीनतेने घेतली.

दुसरे नाव मादाम मारिया माँटेसरी यांचे. त्यांची पहिली शाळा कोठे निघाली हे आपण बहुधा विसरतो. रोम शहरातील सान लोरेन्झो हा मजुरांच्या वस्तीचा भाग. तेथील चाळी एका कंपनीने दुरुस्त करून भाड्याने दिल्या. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली पोरे जिने आणि भिंती खराब करीत. हा त्रास टळावा म्हणून कंपनीने एक खोली मोकळी करून दिली आणि ६ जानेवारी १९०७ रोजी त्या खोलीत माँटेसरीबाईंचे ‘बालकांचे घर’ सुरू झाले. तात्पर्य, ज्या पद्धतीचे नाव आज आपल्या नगरांतून महागड्या शाळांच्या पाट्यांवर झळकते, ती पद्धती चाळीतल्या मजुरांच्या मुलांमध्ये जन्मास आली. कालांतराने तिची साधने मौल्यवान झाली, तिचे शिक्षण घेणे खर्चाचे झाले, आणि जिच्यासाठी ती निघाली होती ती पोरे तिच्या दाराबाहेर राहिली. हाच खेळ पुढे आपल्याही देशात खेळला गेला; परंतु येथे एका बाईंनी तो मध्येच थांबविला.

त्या बाईंकडे वळण्यापूर्वी भावनगरास जाऊन यावे लागते. गिजुभाई बधेका हे व्यवसायाने वकील. आपल्या मुलाला शिकवावे कसे, या काळजीतून ते माँटेसरीच्या ग्रंथांकडे वळले आणि वकिली सोडून १९१६ साली नानाभाई भट्ट यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले. १९२० मध्ये त्यांनी तेथे बालमंदिर उघडले. माँटेसरीची तत्त्वे घेऊन त्यांत त्यांनी गुजराती गोष्टी, गाणी, मातीकाम आणि नाटके यांची भर घातली. ज्या काळी छडी हेच शिक्षणाचे मुख्य साधन समजले जाई, त्या काळी ‘मुलांना मारू नका’ हे वाक्य त्यांनी काठेवाडच्या घराघरांत पोचविले. मुले त्यांना मिशाळी आई म्हणत.

१९२३ साली या बालमंदिरात एक महाराष्ट्रीय विदुषी येऊन दाखल झाल्या. त्या श्रीमती ताराबाई मोडक. त्यांचा जन्म १८९२ चा, मुंबईतील एका प्रार्थनासमाजी कुटुंबात. वडील सदाशिवराव केळकर हे सुधारक. १९१४ मध्ये ताराबाई पदवीधर झाल्या. विवाहानंतर काही वर्षे अमरावतीस होत्या. पुढे राजकोटच्या बार्टन महिला अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्या झाल्या. मानाची आणि पगाराची ही जागा सोडून त्या भावनगरास गेल्या, यावरून त्यांच्या वृत्तीची कल्पना येईल. १९२६ साली गिजुभाई व ताराबाई यांच्या प्रयत्नाने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. शिक्षणपत्रिका या नावाच्या नियतकालिकाने त्यांचे विचार गुजराती आणि मराठी पालकांपर्यंत नेले. १९३६ मध्ये ताराबाई मुंबईस परतल्या व दादर येथे त्यांनी शिशुविहार ही संस्था काढली. तिच्याबरोबरच बालशिक्षिका तयार करण्याचे कामही सुरू झाले.

दादरचा शिशुविहार हा त्या काळच्या मराठी मध्यमवर्गाला एक नवलाचा विषय होता. मूल सहा वर्षांचे होईपर्यंत त्याने घरी दंगा करावा आणि मग पंतोजींच्या हवाली व्हावे, एवढीच जुनी रीत. त्याऐवजी तीन वर्षांचे मूल आपल्या हाताने पेला विसळते, गुंड्या लावते, ठोकळे रचते, आपणहून अक्षरांवर बोट फिरविते, हे पालकांनी प्रथम तेथे पाहिले. आज आपल्या घरांतून बालवाडीला जो मान आहे त्याची मुळे या व अशा थोड्या संस्थांत आहेत. शिशुविहार येथेच थांबला असता, तर सुशिक्षितांच्या मुलांसाठी निघालेली एक चांगली शाळा एवढीच त्याची नोंद इतिहासात उरली असती.

परंतु ताराबाई तेथे थांबल्या नाहीत. आपण जे काही करीत आहो ते नगरातील मूठभर मुलांसाठी आहे, आणि देशातील बहुसंख्य मुले तर खेड्यांत आहेत, ही टोचणी त्यांना होती. १९४४ साली हिंदुस्थान सरकारचे शिक्षणविषयक सल्लागार सर जॉन सार्जंट यांच्या नावाने ओळखला जाणारा अहवाल प्रसिद्ध झाला. युद्धानंतरच्या शिक्षणाचा चाळीस वर्षांचा तो आराखडा होता. त्यात तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी दहा लाख जागांची तरतूद सुचविलेली होती व तिचा वार्षिक खर्च सव्वातीन कोटी रुपयांच्या आत धरला होता. हे शिक्षण सर्वत्र विनामूल्य असावे. सक्ती करता आली नाही तरी पालकांची मने वळविण्यात कसूर करू नये. आणि अशा वर्गांवर या कामाचे खास शिक्षण घेतलेल्या स्त्रियाच नेमाव्यात, असे अहवालात स्पष्ट म्हटले होते. सरकारी कागदावर उमटलेली ही तिसरी अट श्रोत्यांनी कृपा करून ध्यानात ठेवावी. पुढे तिच्याकडे परत यावयाचे आहे.

अहवाल कागदावर राहिला. ताराबाई मात्र १९४५ साली बोर्डीस गेल्या. हे गाव त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात, आजच्या पालघर जिल्ह्यात, अगदी उत्तरेकडे समुद्रकाठी वसलेले आहे. आचार्य भिसे यांच्यासारख्या शिक्षकांमुळे तेथे सेवेची परंपरा होती. ताराबाईंचे वय तेव्हा त्रेपन्न वर्षांचे होते. त्यांच्याबरोबर निघाल्या त्या अनुताई वाघ, वय वर्षे पस्तीस. अनुताईंचा जन्म १९१० सालचा, मोरगावचा. बालपणी लग्न आणि लगोलग वैधव्य. त्यानंतर जिद्दीने शिक्षण आणि पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिकेची नोकरी. कस्तुरबा स्मारक निधीच्या शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली आणि पुण्याची स्थिर नोकरी सोडून त्या बोर्डीस आल्या. १९९२ साली त्यांचा अंत झाला तोपर्यंत, म्हणजे सत्तेचाळीस वर्षे, त्यांनी हे काम सोडले नाही.

बोर्डीस ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू झाले, आणि पहिल्याच पावलाला अडचण उभी राहिली. शाळा उघडली, साधने मांडली, शिक्षिका वाट पाहत बसल्या. आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप, ती मुले आलीच नाहीत. जी आली ती गावातील बऱ्या स्थितीतल्या घरांची. अस्पृश्य गणलेल्या वस्तीतील मुले येईनात. त्याची कारणे उघड होती. आईबाप पहाटेच कामाला जात. मुलाला धुऊनपुसून, कपडे घालून, शाळेत पोचवावयाला घरी कोणी नसे. शिवाय गावातील शाळेच्या ओट्यावर पाय ठेवण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची भीती होतीच. या ठिकाणी बहुतेक शिक्षक असे म्हणतात की, आम्ही दार उघडे ठेवले आहे, लोकांनाच शिक्षणाची गोडी नाही. ताराबाईंनी असे म्हटले नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे गेले पाहिजे, असा त्यांनी निर्णय केला.

मग शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. एखाद्या घराचे अंगण झाडावे, मुले गोळा करावी, त्यांची नखे कापावी, तोंडे धुवावी, केस विंचरावे, आणि मग तेथेच गाणी, गोष्टी, खेळ सुरू करावे. महागडी साधने तेथे नव्हतीच. समुद्रकाठच्या शिंपल्या, खडे, चिंचोके, झाडांची पाने, ताडाच्या झावळ्या, ओली माती, यांतूनच मोजणे, जुळविणे, लहानमोठे ओळखणे हे सारे शिकविता येते, असे दिसून आले. माँटेसरीची पद्धत त्यांनी सोडली नाही. तिची पेटी तेवढी सोडली. इंद्रियांना वळण द्यावे, मुलाला स्वतः करू द्यावे, त्याच्या वेगाने त्याला जाऊ द्यावे, हे तत्त्व गुळगुळीत लाकडी ठोकळ्यांवर अवलंबून नाही, हे त्यांनी सिद्ध केले. अंगणात भरणाऱ्या या शाळेला त्यांनी अंगणवाडी हे नाव दिले. आज जो शब्द काश्मीरपासून केरळपर्यंत सरकारी कागदांवर लिहिला जातो त्याची उत्पत्ती ही अशी आहे.

या प्रयोगाचे मर्म थोडे थांबून पाहिले पाहिजे. शिक्षणाचा प्रसार आणि शिक्षणाचा दर्जा हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आधी शाळा सर्वत्र पोचवाव्या, मग सवडीने त्या चांगल्या कराव्या, असे राज्यकारभार करणाऱ्यांना नेहमी वाटत असते. बोर्डीच्या अंगणात हे दोन प्रश्न एकच होते. वस्तीतील भेदरलेले मूल अंगणात टिकत असे ते समोरच्या बाईला मुलांचे मन कळत असे म्हणून. खर्च वाचविला गेला तो इमारतीवर आणि साधनांवर. शिक्षिकेच्या तयारीवर वाचविला गेला नाही. उलट, साधने जितकी साधी तितकी शिक्षिका अधिक जाणती असावी लागते. ठोकळ्यांची तयार पेटी असली तर बाईंचे थोडे अज्ञान झाकले जाते. हातात नुसते चिंचोके असले की सारे काही बाईंवरच येऊन पडते. म्हणूनच बोर्डीस बालवाडीबरोबर शिक्षिकांचे अध्यापन मंदिरही चालविले जाई.

ज्या वर्षी बोर्डीचे केंद्र निघाले त्याच १९४५ साली त्या मुलखात आणखी एक घटना घडत होती. उंबरगाव आणि डहाणू या तालुक्यांतील वारली शेतमजूर शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. लग्नासाठी घेतलेल्या लहानशा कर्जापायी जमीनदाराकडे नवराबायको दोघेही वर्षानुवर्षे राबत. अशा माणसाला तिकडे ‘लग्नगडी’ म्हणत. गवत कापण्याची मजुरी वाढवून मिळावी म्हणून त्यांनी संप केला, गोळीबारही झाला. ज्यांच्या आईबापांचा आपल्या स्वतःच्या दिवसावरही अधिकार नाही, त्यांच्या मुलांच्या बालवाडीची गोष्ट बोलणे म्हणजे काय, हे या पार्श्वभूमीवर पाहावे. ‘आई हीच मुलाची पहिली शिक्षिका’ हे सुभाषित आपल्या दिवाणखान्यात शोभते. पहाट फुटण्यापूर्वी गवत कापावयाला गेलेल्या वारलिणीपुढे ते म्हणण्यास जीभ धजावणार नाही.

१९५७ मध्ये ताराबाई व अनुताई यांनी आपले केंद्र बोर्डीहून काही मैलांवरच्या कोसबाड येथील टेकडीवर हलविले. आता गाठ आदिवासी पाड्यांशी होती, आणि येथे अंगणही पुरेनासे झाले. मुलगी शाळेत का येत नाही, तर तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. मुलगा का येत नाही, तर तो गुरे राखतो. येथेही ताराबाईंनी तोच न्याय लावला. कडेवरच्या भावंडासाठी पाळणाघर, त्याहून मोठ्यांसाठी बालवाडी आणि ताईसाठी प्राथमिक वर्ग, ही तिन्ही एकाच आवारात मांडली व त्या संचाला विकासवाडी हे नाव दिले. तान्हे मूल पाळण्यात निजले की ताई मोकळी होते आणि पाटी हातात घेते. मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न बालशिक्षणाशी कसा बांधलेला आहे, हे त्यांनी व्याख्यानाने सांगण्याऐवजी करून दाखविले. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे जेथे चरतात तेथेच शिक्षकाने जावे, आणि झाडे, पाखरे, ओढे यांच्या संगतीत शिकवावे, अशी तिची योजना. ज्यांना दिवसा सवड नाही त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग भरविले. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण किताब मिळाला. १९७३ च्या ऑगस्टात त्या निवर्तल्या. अनुताईंना पद्मश्री मिळाली.

आता सरकारच्या बाजूची हकीकत पाहू. १९५० साली आपली राज्यघटना अमलात आली. तिच्या ४५ व्या कलमात, दहा वर्षांच्या आत चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्य करील, असे म्हटले होते. या वाक्यात वरची मर्यादा आहे, खालची नाही. शब्दांचा सरळ अर्थ घेतला तर तीन वर्षांचे मूलही त्यात येत होते. व्यवहारात मात्र शिक्षण सहाव्या वर्षी सुरू होते असेच सर्वांनी धरून चालले. १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली मध्यवर्ती समाजकल्याण मंडळ स्थापन झाले व बालवाड्यांना थोडीबहुत अनुदाने मिळू लागली. परंतु येथेच एक फाटा फुटला. लहान मुलांची शाळा शिक्षणखात्याकडे न जाता कल्याणखात्याकडे गेली. हक्काच्या दालनातून ती दयेच्या दालनात गेली, असे म्हटले तरी चालेल. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने पूर्वप्राथमिक शिक्षणाचे महत्त्व मान्य केले, पण त्या शाळा चालविण्याचे काम मुख्यतः खाजगी प्रयत्नांवर सोपवावे असे सुचविले. खाजगी प्रयत्न जेथे फी मिळते तेथे जातो, यात त्याचा दोष नाही. परिणाम मात्र ठरलेला होता. शहरांतून शिशुवर्ग भराभर निघाले आणि पाडे होते तेथेच राहिले.

ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, आजारी मुलांना पुढील उपचारांसाठी पाठविणे, मातांना आहार व आरोग्याचे शिक्षण, आणि मुलांना अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण, अशा सहा सेवा एका छपराखाली आणण्याची ही योजना. त्या छपराला नाव दिले गेले अंगणवाडी. सुमारे १,००० लोकवस्तीमागे एक, आणि आदिवासी भागात ७०० मागे एक, असे प्रमाण ठरले. भुकेलेले मूल शिकू शकत नाही, हे सत्य या योजनेने मान्य केले. आज आपल्या देशातील लहान बालकांचे मृत्यू पूर्वीपेक्षा पुष्कळ घटले आहेत. त्याच्या श्रेयात घरोघर जाऊन वजने घेणाऱ्या आणि लशीच्या दिवसाची आठवण देणाऱ्या या बायांचा वाटा कोणी नाकारू नये.

परंतु नाव उचलताना नावामागची एक गोष्ट मागे राहिली. सार्जंट अहवालाची तिसरी अट आठवावी. बालवर्गावर खास शिक्षण घेतलेली शिक्षिका असावी असे १९४४ च्या परक्या सरकारच्या सल्लागारांनीही लिहिले होते. १९७५ च्या योजनेत सहाही सेवांचा भार एका सेविकेवर व एका मदतनीस बाईवर टाकला गेला, आणि सेविकेला अल्पकाळाच्या प्रशिक्षणावर कामाला लावले गेले. ती नोकर नव्हे, स्वयंसेविका. तिला पगार नव्हे, मानधन. ‘मानधन’ हा शब्द मोठा गोड आहे. त्यात मानही आहे आणि धनही आहे. सेविकांच्या हाती मात्र दोन्ही बेताचीच पडली. सकाळभर शिजविणे, वाढणे, वजने करणे, नोंदवह्या भरणे यांतून उरलेल्या वेळात शिक्षण. जी सेवा ताराबाईंच्या अंगणात पहिली होती ती येथे यादीत शेवटच्या ओळींत गेली.

या विसंगतीचे एक विलक्षण उदाहरण २००६ सालच्या डिसेंबर महिन्यात मिळते. त्या महिन्याच्या ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातील एका प्रकरणात असा निकाल दिला की, अंगणवाडी सेविकेची जागा ही सरकारी पद नव्हे. आणि त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात, अन्नाच्या हक्काच्या खटल्यात, १३ तारखेला सरकारला आज्ञा केली की देशात किमान चौदा लाख अंगणवाड्या चालल्या पाहिजेत. आठवड्याभरात एकाच न्यायमंदिरातून निघालेले हे दोन निर्णय कायद्याच्या दृष्टीने आपापल्या जागी असतील. शेजारी ठेवून वाचले की मात्र प्रश्नाचे स्वरूप लख्ख दिसते. संस्था आवश्यक ठरली. ती चालविणारी व्यक्ती मात्र नोकर ठरली नाही. पुढे २५ एप्रिल २०२२ रोजी गुजरातमधील सेविकांच्या प्रकरणात न्यायालयाने त्यांना उपदानाचा हक्क मान्य केला. ही एक पायरी होय. आपल्या महाराष्ट्रात २०१७ साली, आणि पुन्हा २०२३ च्या अखेरीस, सेविकांनी दीर्घ संप केले ते या मानधनाच्याच प्रश्नावर. त्या वेळी मुलांच्या आहाराचे काय होणार अशी चिंता सर्वत्र व्यक्त झाली, ती योग्यच होती. मुलांच्या शिक्षणाचे काय होणार, असे विचारणारे थोडे होते. शिक्षण तेथे चालत असावे असे बहुधा कोणी गृहीतच धरले नव्हते.

कायद्याच्या बाजूने आणखी एक गोष्ट घडली. २००२ साली घटनेत ८६ वी दुरुस्ती झाली. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला. हे मोठेच कार्य झाले. पण त्याच दुरुस्तीने ४५ वे कलम बदलून सहा वर्षांखालील मुलांच्या संगोपनाची व शिक्षणाची तरतूद करण्याचा राज्य ‘प्रयत्न करील’ असे शब्द घातले. जुन्या कलमात एकत्र उभी असलेली मुले अशी दोन रांगांत विभागली गेली. एका रांगेला हक्क मिळाला, दुसरीला आश्वासन. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या ११ व्या कलमातही तीन वर्षांवरील मुलांसाठी मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था सरकारला ‘करता येईल’ असे आहे. ‘करावीच लागेल’ असे नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मात्र तीन ते आठ या वयाचा एक सलग पायाभूत टप्पा मानला आणि २०३० पर्यंत सर्व बालकांना बालशिक्षण मिळावे असे उद्दिष्ट घोषित केले. धोरण म्हणजे संकल्प. तो कायद्याची जागा घेऊ शकत नाही. ताराबाईंनी १९४५ साली जे केले त्याचे तत्त्व सरकारने पंचाहत्तर वर्षांनी लिहून ठेवले, असा याचा अर्थ आहे. लिहिलेले अमलात यावयाचे आहे.

या इतिहासातून काय घ्यावे? काही लोक म्हणतात की, एवढ्या मोठ्या देशात प्रत्येक लहान मुलाला उत्तम शिक्षण देणे खजिन्याला परवडणार नाही. कोसबाडचा अनुभव असा की इमारती, झोपाळे, रंगीत तक्ते यांवरचा खर्च पुष्कळ आटोक्यात ठेवता येतो. जेथे खर्च आटोक्यात ठेवला की सारेच वाया जाते ती एकच जागा, म्हणजे शिक्षिका. तिला पुरते शिक्षण, तिला पोटभर वेतन, आणि शिकविण्याला मोकळा वेळ. आहार व आरोग्याचे काम दुसऱ्या हातांकडे सोपवून तिचे दोन-तीन तास मुलांसाठी राखून ठेवता आले, तरी आजच्या चौदा लाख अंगणांत ताराबाईंची अंगणवाडी परत येऊ शकेल. अंगणे आहेत, मुले आहेत, पुष्कळ ठिकाणी मनापासून काम करणाऱ्या बायाही आहेत.

राहता राहिला आपला, म्हणजे नगरातील सुशिक्षितांचा, भाग. माँटेसरीची शाळा रोमच्या चाळीत जन्मली आणि आपल्या दारी येईतो ती श्रीमंत झाली, हे आपण आरंभी पाहिले. आपल्या मुलांच्या शिशुवर्गाची फी आपण भरतो आणि तेथे प्रश्न संपला असे मानतो. ज्या संस्थेत आपले मूल जात नाही तिच्या उणिवा आपल्याला टोचत नाहीत. आणि ज्या उणिवा बोलक्या वर्गाला टोचत नाहीत त्या विधिमंडळात पोचायला फार वर्षे लागतात. दादरच्या शिशुविहाराचा लाभ घेणाऱ्या वर्गातूनच ताराबाई आणि अनुताई निघाल्या व बोर्डीस गेल्या. प्रत्येकाने बोर्डीस जावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु आपल्या आळीच्या टोकाला जी अंगणवाडी आहे तेथे एकदा जाऊन तिच्या सेविकेला मुलांना शिकविण्यासाठी रोज किती वेळ मिळतो, एवढे विचारून यावयाला आगगाडीचे तिकीट लागत नाही. मिळालेले उत्तर आपल्या नगरसेवकाला आणि आमदाराला कळविले, तर कायद्यातील ‘करता येईल’ या शब्दांच्या जागी ‘करावे लागेल’ हे शब्द येण्याचा दिवस थोडा तरी जवळ येईल.